वकिलीतून विधिमंडळात : आमदार बॅ. आंबेडकर

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मी वक्ता नाही. उभं आयुष्य कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेलं. त्यामुळे माझं बोलणं बहुतेक वेळा नोटीस बोर्डावर लागायचं आणि ते कुणाला फारसं आवडायचं नाही! तेव्हा कार्यकर्ते घरी आले आणि ‘काका, यंदा अर्धा तास तुम्ही बोलायचं’ म्हणाले, तेव्हा मी आधी टाळलं. मग सौ. म्हणाल्या, घरात रोज बोलता तेच तिथे बोला, निदान आम्हाला एक दिवस सुट्टी. तर तेच बोलतो.

गेल्या वर्षी ऑगस्टात, म्हणजे २०२५ साली, आपली पिवळी मेट्रो सुरू झाली. बोम्मसंद्र्याला बसायचं, आर. व्ही. रोडला हिरवी धरायची, मॅजेस्टिकला जांभळी. दापोलीहून माझा पुतण्या सहकुटुंब आला होता. त्याला विधान सौध बघायचं होतं. गावाकडचा पाहुणा आला की आपण लालबाग आणि विधान सौध दाखवतोच, तो आपला नेमच आहे. जांभळ्या मेट्रोत ज्या स्टेशनला उतरलो त्याचं नाव डॉ. बी. आर. आंबेडकर स्टेशन, विधान सौध. वर आलो, तर समोरच्या रस्त्याचं नाव डॉ. आंबेडकर वीधी. वीधी म्हणजे कन्नडमध्ये रस्ता. या रस्त्याच्या एका बाजूला विधान सौध आणि दुसऱ्या बाजूला लाल रंगाचं हायकोर्ट, ज्याला इथले लोक अजून अठरा कचेरी म्हणतात. म्हणजे एकीकडे कायदा करणारे आणि दुसरीकडे कायद्याचा अर्थ लावणारे, आणि मधून आंबेडकरांचा रस्ता. नाव देणाऱ्यांनी इतका विचार केला होता की नाही कोण जाणे. पण त्या माणसाचं आयुष्य खरोखरच या दोन इमारतींच्या मधून गेलं.

पुतण्याच्या मुलानं तिथे विचारलं, ‘आजोबा, हे घटना लिहिणारे ना? मग ते आमदार कधी होते?’ मी म्हटलं, होते की! बारा वर्षं. आणि घरी आल्यावर लक्षात आलं की आपल्यातल्या पुष्कळांना हे ठाऊकच नाही. घटनासमितीतले बाबासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. चवदार तळं माहीत आहे, नागपूरची दीक्षाभूमी माहीत आहे. पण १९२७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांताच्या विधिमंडळात एक बॅरिस्टर रोज उठून प्रश्न विचारत होता, बिलं मांडत होता आणि बहुतेक वेळा हरत होता, तो भाग आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. मी आज तेवढंच बोलणार आहे.

आधी वकिली. १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईला परतले आणि हायकोर्टात वकिली सुरू केली. सनद काढायला लागणारे पैसेसुद्धा त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घ्यावे लागले. आता बॅरिस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोटार आणि बंगला येतो. पण बॅरिस्टरला काम सॉलिसिटर देतो, आणि सॉलिसिटर मंडळी या बॅरिस्टरला काम द्यायला तयार नव्हती. का, ते सांगायची गरज नाही. मग मिळेल ते अपिलाचं काम करायचं, जिल्ह्याच्या कोर्टात जायचं. घर चालावं म्हणून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी क्लासमध्ये व्यापारी कायदा शिकवायचा. परळच्या दामोदर हॉलमध्ये एक छोटी कचेरी होती. तिथे पक्षकारही यायचे आणि आपली गाऱ्हाणी घेऊन समाजातली माणसंही यायची. कोण फी देणार आणि कोण नाही, हे आल्याशिवाय कळायचं नाही.

खटले मात्र बघण्यासारखे घेतले. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाचा खटला गाजला. ब्राह्मणेतर चळवळीतले बागडे, जेधे, लाड आणि जवळकर यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद होती. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात आंबेडकर उभे राहिले आणि सगळे सुटले. पुढे १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही हेच वकील. तो खटला मात्र हरले. संततिनियमनावर उघड बोलणाऱ्या माणसाचं वकीलपत्र घ्यायला त्या काळी छाती लागत होती.

१९२६ च्या अखेरीस सरकारनं त्यांना मुंबई कायदे कौन्सिलवर नेमलं. निवडून नाही, नेमलं. फेब्रुवारी १९२७ मध्ये शपथ झाली. त्यांच्याबरोबर डॉ. पु. गो. सोळंकी हे दुसरे नेमलेले प्रतिनिधी होते. एवढ्या मोठ्या प्रांतात, ज्यात आजच्या कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हेसुद्धा होते आणि गुजरातही होता, दलितांच्या बाजूनं बोलायला इतकीच माणसं.

आणि बघा योगायोग. शपथ घेऊन महिना होतो न होतो तोच २० मार्च १९२७ ला ते महाडला चवदार तळ्यावर होते. तो प्रसंग मी सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे. पण त्याच्या मागे कागद कोणता होता ते ऐका. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी याच मुंबई कौन्सिलमध्ये ठराव मंजूर करून घेतला होता की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढे महाड नगरपालिकेनंही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, दप्तरात गेला, आणि तळ्यावर कुणी पाय ठेवला नाही. आपल्याकडे ठरावांचं बहुतेक असंच होतं! आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले ते तो ठराव खरा आहे की नुसता कागद आहे, हे बघायला. याला मी वकिली बुद्धी म्हणतो. हक्क लिहिलेला आहे ना, मग वापरून बघू.

मग तिथल्या सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट आहे. डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टानं तात्पुरता मनाईहुकूम दिला. दुसरी परिषद भरली होती, माणसं जिवावर उदार होऊन आली होती. आणि आंबेडकरांनी तो मनाईहुकूम पाळला. तळ्यावर गेले नाहीत. केवढा राग गिळला असेल त्या जमावानं! दावा पुढे दहा वर्षं चालला. महाडला जिंकले, अपिलात जिंकले, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्यापुढेही जिंकले. कोर्टानं सांगितलं, अनादी काळापासूनची वहिवाट तुम्ही सिद्ध करू शकलेला नाही. एका ठरावाला पाणी मिळायला चौदा वर्षं लागली.

आता कौन्सिलमधलं काम. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी आपलं पहिलं मोठं बिल मांडलं, १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं. महार वतन म्हणजे काय, हे इथल्या तरुणांना माहीत नसेल. वतन म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी मानाचं. देशमुखांचं वतन, पाटलांचं वतन. हे वतन तसं नव्हतं. गावच्या शिवारात जमिनीचा एक तुकडा, सुगीत घरोघरी फिरून मागायचं बलुतं, सरकारकडून किरकोळ पैसे, आणि त्याबदल्यात चोवीस तास सरकारी चाकरी. टपाल न्या, सारा पोचवा, अंमलदाराचं सामान वाहा, रात्री-बेरात्री हाक आली की उठा. एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. बायकांनीसुद्धा.

त्यांच्या बिलात सरळ हिशोब होता. ज्याला या चाकरीतून सुटायचं असेल त्याला सुटता यावं आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी. बलुत्याची भीक नको, त्याऐवजी ठरलेली रक्कम साऱ्याबरोबर गोळा करून पगार म्हणून द्या. आणि कामं कोणती, ते नक्की लिहा. आम्हा पर्सोनेलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जॉब डिस्क्रिप्शन मागितलं आणि वेळेवर पगार मागितला. बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं. तिथून जे बाहेर आलं त्यात त्यांना हवं ते राहिलं नव्हतं. जुलै १९२९ मध्ये त्यांनी स्वतःचंच बिल परत घेतलं.

त्याच काळात, जुलै १९२८ मध्ये, गिरण्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल कौन्सिलपुढे होतं. ते बिल त्यांचं नव्हतं, पण त्यांनी पाठिंब्याचं भाषण केलं. त्यांचं म्हणणं असं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही साऱ्या देशाच्या फायद्याची गोष्ट आहे, म्हणून खरं तर हा बोजा सरकारनं उचलायला हवा. पण सरकार उचलत नसेल, तर बाईच्या कामातून ज्याला नफा होतो त्या मालकानं उचलण्यात अन्याय काहीच नाही. १९२९ साली तो कायदा झाला. आपल्या देशातला अशा प्रकारचा तो पहिला. सगळ्या देशासाठी कायदा यायला १९६१ साल उजाडलं, आणि २०१७ साली बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली.

ती सव्वीस आठवड्यांची सुधारणा आली तेव्हा मी नोकरीतच होतो. शॉपमधले काही सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, साहेब, आता मुली घेऊच नका, सहा महिने जागा रिकामी. नव्वद वर्षांपूर्वी गिरणीमालकांच्या बाजूनं जे बोललं जात होतं, तेच! मला गंमत वाटायची आणि रागही यायचा. इथे बसलेल्या कितीतरी भगिनींनी ती रजा घेतली आहे, त्यांचे फॉर्म मीच भरले आहेत. त्या फॉर्मच्या मागे कोण कोण आहे हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

मधल्या वर्षांत सायमन कमिशन, गोलमेज परिषदा, पुणे करार. तो सगळा मोठा इतिहास आहे, त्याच्यात आज शिरत नाही. १९३५ चा कायदा आला आणि १९३७ साली प्रांतांत निवडणुका झाल्या. आता नेमणूक नाही, मतं मागायची. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव नीट ऐका, मजूर पक्ष. जातीचं नाव नाही. जाहीरनाम्यात कामगार, कुळं, भूमिहीन शेतमजूर. सतरा उमेदवार उभे केले, चौदा निवडून आले. एकशे पंचाहत्तर जागांच्या सभागृहात चौदा म्हणजे काही फार नाहीत, पण काँग्रेसच्या त्या लाटेत ते सोपं नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या मुंबईतल्या मतदारसंघात काँग्रेसनं त्यांच्यासमोर कोण उभं केलं माहीत आहे? पळवणकर बाळू! त्या काळातला हिंदुस्थानचा सर्वांत मोठा डावखुरा गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा. चांभार समाजातला आणि जन्म आपल्या शेजारच्या धारवाडचा. आंबेडकरांना तरुणपणी या बाळूचं फार कौतुक होतं. निवडणुकीत मात्र एकमेकांसमोर. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. क्रिकेटवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

आता मी ज्या गोष्टीसाठी बोलायला उभा राहिलो तिच्यापर्यंत आलो.

१७ सप्टेंबर १९३७. पुण्याचं अधिवेशन. बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ नुकतंच आलेलं. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. त्या दिवशी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. माझं गाव दापोली तालुक्यात आहे. आम्ही कुणबी, खोताची कुळं. खोत म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्या मधला माणूस. तो सरकारला सारा भरणार आणि आमच्याकडून वाटेल ते घेणार. अर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा. वर खोताच्या शेतावर फुकट वेठ. वर सणासुदीला कोंबडा, फणस. माझी आजी सांगायची, पहिला आंबा पिकला की पोरांना हात लावू द्यायची नाही, आधी खोताच्या घरी जायचा. रत्नागिरी जिल्हा, आणि कुलाबा, ठाण्याचा काही भाग, सगळीकडे हीच रीत. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून शेतं ओस ठेवली होती, तो संप वर्षानुवर्षं चालला.

बिलात काय होतं? मधला खोत काढा, जो जमीन कसतो त्याला तिचा कब्जेदार करा, सारा थेट सरकारला. आणि खोताला वाजवी भरपाई द्या. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. हा माणूस खोतांच्या विरोधात होता, पण बिल लिहिताना खोताचाही हक्क बुडू देत नव्हता.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला जरा जड जाते. माझ्या आजोबांच्या तोंडी बाबासाहेबांबद्दल चांगला शब्द नव्हता. देवाच्या मांडवात खोटं कशाला बोलू! आमच्या गावची महारवाडी ओढ्याच्या पलीकडे होती. तिकडचा माणूस आला तर ओसरीच्या खाली उभा राहायचा, आणि पाणी वरून ओतायचे. बॅरिस्टर आंबेडकर स्वतः आमच्या दारात आले असते तरी आमच्या घरानं त्यांना पाणी वरूनच ओतलं असतं. आणि हा माणूस पुण्याला सभागृहात उभा राहून आमच्या आजोबांची अर्धेल बंद करा म्हणून सांगत होता. खोतीची कुळं काही फक्त त्यांच्या समाजाची नव्हती. बहुतेक कुणबी होते, आगरी होते, भंडारी होते. त्यांची मतं त्यांना मिळतील याचाही भरवसा नव्हता.

१० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती, माणसं बोटीनं आणि पायी आली. हा कौन्सिल हॉल म्हणजे मुंबईत रीगल सिनेमाजवळची जुनी दगडी इमारत, आधी ते खलाशांचं वसतिगृह होतं आणि आता तिथे पोलीस मुख्यालय आहे. आमच्या गावातून कुणी गेलं होतं का, हे मी मागे पुष्कळ विचारलं. आमच्या वाडीतून कुणी गेलं नव्हतं. ओढ्यापलीकडून दोघं गेले होते.

ते बिल पुढे गेलंच नाही. सरकारनं ते विचाराला येऊ दिलं नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा झाला, तेव्हा खोती गेली. आजोबांनी पहिल्यांदा तलाठ्याकडे जाऊन स्वतःच्या हातानं सारा भरला, त्याची पावती त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत मरेपर्यंत ठेवली होती. ती आता माझ्याकडे आहे. शाई उडाली आहे, शिक्का दिसतो.

दुसरी गोष्ट आपल्या बोम्मसंद्र्याची म्हणायला हरकत नाही, कारण इथे आपण सगळे कारखान्यांच्या भाकरीवर जगलो. सप्टेंबर १९३८ मध्ये खेर सरकारनं औद्योगिक कलहांचं बिल आणलं. संप करण्याआधी समेटाची मोठी प्रक्रिया सक्तीची, ती पुरी न करता संप केला तर तो बेकायदेशीर, आणि त्याला शिक्षा. १५ सप्टेंबरला आंबेडकर बोलले. ते भाषण पुढे सरकारनं छापलेल्या त्यांच्या ग्रंथांत आहे, जमलं तर मुळातून वाचा. मुद्दा अगदी कोर्टातल्यासारखा. मजूर नोकरीला लागतो म्हणजे एक करार करतो. तो संपावर गेला म्हणजे त्यानं फार तर करार मोडला. करार मोडला तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होतो. तो गुन्हा कसा? कायदा करार मोडणाऱ्याला तुरुंगात घालत नाही. आणि जर तुम्ही माणसाला, ‘मनाविरुद्ध काम कर, नाहीतर तुरुंगात जा,’ म्हणालात, तर तिला गुलामगिरी याखेरीज दुसरं नाव नाही.

बिल मंजूर होणार हे दिसतच होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला मजूर पक्ष आणि कामगार संघटनांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ज्या कम्युनिस्टांशी त्यांचं फारसं पटत नव्हतं तेही बरोबर होते. मुंबईत गोळीबार झाला. कायदा झालाच.

आता माझी गोष्ट. खूप वर्षं झाली, नव्वदच्या दशकातली. कारखान्याचं नाव सांगत नाही. बोनसवरून पोरांनी गेटवर बसकण मारली. मी पर्सोनेलमध्ये ज्युनियर होतो. वरून निरोप आला, पुढे कोण कोण आहेत त्यांची यादी कर. मी केली. अकरा नावं. यादीच्या डोक्यावर मीच टाईप केलं, ‘बेकायदेशीर संपात भाग घेणारे कामगार’. आठ दिवसांनी संप मिटला. आठ जणांना परत घेतलं, तिघांना नाही. त्या तिघांतला एक निपाणीकडचा, मला अण्णा म्हणायचा, आपल्या मांडवात ढोल वाजवायला यायचा. यादी कोणी केली हे त्याला कळलं होतं. जायच्या आदल्या दिवशी तो घरी आला, चहा प्यायला, त्याविषयी एक शब्द बोलला नाही, आणि गेला. पुन्हा भेट नाही.

माझी यादी कायद्याला धरून होती. नोटीस दिली नव्हती, तेव्हा संप बेकायदेशीरच होता. आजही २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कोणत्याही कारखान्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि मी काही नोटीस नको म्हणणारा माणूस नाही. इतकी वर्षं ज्या खुर्चीत बसलो तिथून मालकाची अडचणही दिसते. बॉयलर एका मिनिटात थंड होत नाही. पण तो एक शब्द, ‘बेकायदेशीर’, मी किती सहज टाईप केला! त्या शब्दावरून एका बॅरिस्टरनं सभागृहात इतका जीव तोडून वाद घातला होता, हे मला दहा-बारा वर्षांनी, ते भाषण वाचताना कळलं. त्या रात्री झोप लागली नाही.

१९३९ च्या नोव्हेंबरात महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबईच्या विधिमंडळातलं त्यांचं कामही तिथेच थांबल्यासारखं झालं. मी एकदा वहीत हिशोब मांडला होता. वतनाचं बिल परत घ्यावं लागलं. खोतीचं बिल विचारालाच आलं नाही. औद्योगिक कलहाचं बिल अडवता आलं नाही. बाळंतपणाचा कायदा झाला, पण तो दुसऱ्यांनी मांडलेला. आमच्या खात्यात अप्रेझल करायची म्हटली असती, तर टार्गेट अपूर्ण असा शेरा मारला असता. मग दुसऱ्या पानावर पुढचं लिहिलं. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. महार वतनासारखी कनिष्ठ गावकी वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, तोवर त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या नावावर यातलं काहीच नाही. दोन्ही कायदे ज्यांनी त्यांना अडवलं होतं त्यांच्याच पक्षाच्या सरकारांनी केले.

आणि ते खेर. १९४६ साली आंबेडकर घटनासमितीवर बंगालमधून निवडून गेले होते, मुंबईतून जाण्याइतकं बळच त्यांच्याकडे नव्हतं. पुढच्या वर्षी फाळणी ठरली आणि ती जागा गेली. तेव्हा राजेंद्रप्रसादांनी मुंबईच्या पंतप्रधानांना पत्र लिहिलं की बॅ. जयकरांच्या राजीनाम्यानं रिकाम्या झालेल्या जागेवर डॉ. आंबेडकरांना ताबडतोब निवडून पाठवा, त्यांच्याशिवाय काम अडेल. आणि मुंबईचे पंतप्रधान कोण? तेच बाळासाहेब खेर, ज्यांच्या समोरच्या बाकावर बसून आंबेडकरांनी दोन-सव्वादोन वर्षं त्यांना घाम फोडला होता. खेरांनी जुलै १९४७ मध्ये त्यांना बिनविरोध निवडून पाठवलं. खोतीच्या बाबतीत मला खेरांचा अजून राग येतो. पण या एका कामाबद्दल मी त्यांना हात जोडतो.

पुतण्याच्या मुलाला मी विधान सौधासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी उभं करून फोटो काढला. परत येताना तो म्हणाला, आजोबा, ती पावती मला दाखवाल का? दाखवली. त्यानं विचारलं, महारवाडीतून गेलेल्या त्या दोघांची नावं काय? मला माहीत नव्हती. मी गावी फोन केला, कुणालाच आठवत नाहीत. दिवाळीला गावी जाणार आहे, तेव्हा ओढ्यापलीकडे जाऊन विचारणार आहे.

तबक तयार झालेलं दिसतं आणि लहान मुलांचे डोळे मोदकांकडे लागले आहेत.  चला, आरतीला उभे राहू.